मधली नव्व्याण्णव पानं

तुम्ही वाचलेल्या शेवटच्या रहस्यकादंबरीत पंच कोण होते, सांगता येईल? खुनी कोण ते नका सांगू, ते तुम्हाला आठवतच असणार. गुप्तहेराचा कोट, त्याची सिगारेट, त्याने भुवई कशी उंचावली, तेही आठवत असेल. पण जिथे प्रेत सापडलं तिथे दोन साधी माणसं उभी होती का? जे दिसलं ते कागदावर उतरताना त्यांनी पाहिलं का? त्यांची नावं काय होती? नाही ना सांगता येत? मग पंचबाईंच्या हिशेबी तुम्ही ती कादंबरी वाचलेलीच नाही. तुम्ही तिच्यावर नुसती सही केलीत.

पंचबाई आमच्या शहरातल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होत्या. त्यांचं खरं नाव आमच्या दुकानात कुणी घेत नसे. पोलिसांना झडती घ्यायची असली, काही जप्त करायचं असलं, घटनास्थळ पाहायचं असलं की दोन तटस्थ माणसं लागतात. पोलिसांनी जे केलं ते या माणसांनी डोळ्यांनी पाहायचं, त्याचा जो पंचनामा लिहिला जातो तो वाचायचा आणि बरोबर असेल तरच खाली सही करायची. हे पंच. रस्त्यावरचं कुणी येत नाही म्हणून मोठ्या गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना बोलावतात. पोलीस ठाण्याचं पत्र आलं की बाईंच्या कार्यालयातल्या पुरुषांच्या पोटात दुखायला लागायचं, कुणाची सासू आजारी पडायची. बाई पर्स उचलायच्या आणि निघायच्या. कितीदा गेल्या असतील त्यांनाच ठाऊक. नाव मात्र पडलं ते पडलंच.

छावणीच्या बाजारात आमचं छपाईचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा लग्नपत्रिकांच्या कमाईवर चळवळीची पत्रकं छापली जायची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं ते ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ हे. दुकानाच्या दाराशी बाबांनी एक लोखंडी रॅक ठेवला होता. कुणीही पुस्तक न्यावं, वाचावं, परत आणावं. बाबांची इच्छा होती की लोकांनी विचारांची पुस्तकं न्यावीत. लोक रहस्यकथा न्यायचे. बाई तर दुसऱ्या कशाला हातच लावत नसत. शनिवारी दुपारी यायच्या, ‘जय भीम भाऊ’ म्हणायच्या, वाचलेलं पुस्तक काउंटरवर ठेवायच्या आणि रॅकसमोर उकिडव्या बसून पुढचं शोधायच्या.

मला त्यांचा राग यायचा. मी कॉलेजात होते, माझ्या बॅगेत कायम एखादं निवेदन असायचं. खऱ्या अत्याचारांच्या बातम्या रोज येत असताना शिकलेल्या बाईने खोटे खून वाचावेत हे मला पटत नसे. एकदा मी ते तोंडावर बोलून दाखवलं. बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. काउंटरवरचं माझं ताजं पत्रक त्यांनी उचललं, वरची ओळ वाचली आणि खाली ठेवलं. ‘पोरी, तुझ्या पत्रकात शेवटाला काय होणार ते मला पहिल्याच ओळीत कळतं. ह्यात निदान दोनशे पानं तरी वाट बघावी लागते.’

त्यांचा पहिला राग गुप्तहेरांवर. एका जुन्या पॉकेटबुकातला उंच, गोरा गुप्तहेर प्रेताशेजारचं पिस्तूल रुमालाने उचलतो आणि स्वतःच्या खिशात घालतो. बाईंनी ते पुस्तक बाबांपुढे उघडून धरलं. ‘गेला मुद्देमाल. भाऊ, सील नाय, लेबल नाय, पंचाची सही नाय. उद्या वकील विचारणार, हे पिस्तूल त्याच खोलीतलं कशावरून? हा काय सांगणार, माझ्या खिशातून निघालं म्हणून?’ बाबा म्हणाले, ताई, कादंबरी आहे ती. बाई म्हणाल्या, म्हणूनच लोकांना वाटतं की हुशारी असली की झालं, कागदाचं काही नाही.

दिवाणखान्यात सगळ्या संशयितांना बसवून शेवटी उलगडा करायचा आणि खुन्याने रडत रडत कबूल करायचं, अशा कादंबऱ्यांना त्या ‘चहापाण्याच्या कादंबऱ्या’ म्हणत. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. का चालत नाही तेही. बडवलं की माणूस काहीही कबूल करतो हे कायदा लिहिणाऱ्या गोऱ्या साहेबाला माहीत होतं, आपल्या लेखकांना माहीत नाही, असं त्या म्हणायच्या. सतरा खून करणाऱ्या एका विकृत डॉक्टरची नवी कादंबरी कॉलेजातली पोरं हातोहात वाचत होती. बाईंनी ती दोन शनिवारांत संपवली आणि त्यांचं मत एवढंच होतं: सतरा मढी, आणि रडणारं माणूस एक पण नाय.

सगळंच त्यांना वाईट वाटे असं नाही. कुठल्याशा थंड देशातली अनुवादित जाडजूड कादंबरी कुणीतरी रॅकवर ठेवून गेलं होतं. तिच्यातला पोलीस घटस्फोटित, दारू पिणारा, गुडघेदुखीने हैराण, आणि अर्ध्या पानांवर नुसता बर्फ. मला वाटलं, बाई ती अर्ध्यात टाकतील. त्यांनी ती दोनदा वाचली. तो माणूस कागद भरतो, साहेबाला पाठवतो, साहेब त्रुटी काढून परत पाठवतो आणि तो पुन्हा भरतो, हे पाहून त्या इतक्या खूश झाल्या की आठवडाभर त्याच्याविषयी भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होत्या. त्यांची तक्रार एकच. ‘त्याला कुणीतरी डबा द्यायला पायजे होता.’

ही मतं नुसती बोलायची नसत. छपाईत बिघडलेल्या कागदांचे गठ्ठे आमच्याकडे नेहमी पडलेले असतात. त्यांतला एक कागद घेऊन, कोऱ्या बाजूवर, बाई पुस्तकाचा पंचनामा लिहायच्या आणि घडी करून त्याच पुस्तकात ठेवायच्या. पुढच्या वाचकाला तो सापडायचा. काही महिन्यांनी असं झालं की लोक रॅकपाशी येऊन विचारायचे, ह्यात बाईंचा कागद आहे का? कागद नसलेली पुस्तकं तशीच पडून राहायची. त्यातला एक मी जपून ठेवला आहे. एका श्रीमंत बाईच्या खुनाच्या, पुण्यात घडणाऱ्या कादंबरीचा:

‘आज रोजी मी खाली सही करणार हिने सदर पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समक्ष वाचले. पान चारवर एक प्रेत पालथे मिळून आले. प्रेताच्या अंगावर भारी साडी, हिऱ्याच्या कुड्या व परदेशी अत्तराचा वास मिळून आला. प्रेताला कोणी मित्र, भाऊ, शेजारी मिळून आले नाहीत. पान बारावर पोलिसांनी सोसायटीचा वॉचमन संशयावरून ताब्यात घेतला. पान एकशे बारावर तो निर्दोष म्हणून सोडला. मधली नव्व्याण्णव पानं तो कोठे होता, याचा खुलासा पुस्तकात मिळून आला नाही. लेखकास विचारणा करावी.’

मी खूप हसले. शेवटच्या ओळीला टाळीही दिली असती. बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, हे सगळ्या पुस्तकांत असतं. वॉचमन, मोलकरीण, ड्रायव्हर यांना आधी उचलतात, कारण वाचकाला चकवायला कुणीतरी लागतं. मग खरा खुनी सापडला की त्यांना सोडून देतात आणि लेखक त्यांना विसरतो. ‘त्याला जेवायला काय दिलं? त्याच्या बायकोला कुणी सांगितलं? सुटून आल्यावर त्याला पुन्हा त्याच गेटवर उभं केलं का दुसरा ठेवला? लई मोठी पुस्तकं लिहितात, अन् एवढं साधं विचारत नायत.’ त्या दिवशी त्यांनी नवं पुस्तक नेलं नाही. का नेलं नाही ते मला साताठ महिन्यांनी कळलं.

तेव्हा त्यांच्या निवृत्तीला जेमतेम अर्धं वर्ष राहिलं होतं. शनिवार नसताना त्या दुकानात आल्या, एक कागद काउंटरवर ठेवला आणि झेरॉक्स मागितली. ते समन्स होतं. सात वर्षांपूर्वीच्या एका खून खटल्यात पंच साक्षीदार म्हणून हजर राहायचं होतं. मी म्हटलं, बाई, तुम्हाला यात काय नवीन? त्या स्टुलावर बसल्या. बाबांनी पाणी दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते बाबांकडे न पाहता, मशीनकडे बघत सांगितलं.

चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाच्या मॅनेजरचा खून झाला होता. गोदामाचा वॉचमन पकडला. पंच म्हणून बाई आणि त्यांच्या कार्यालयातला एक शिपाई ठाण्यात गेले. मे महिना, दुपार. आरोपी नाल्याच्या कडेला लपवलेला लोखंडी गज काढून देणार होता आणि ते या दोघांनी पाहायचं होतं. टेबलावर दोन पानं आधीच लिहून तयार होती. गजही तयार होता, खाकी कागदात गुंडाळलेला. जमादार चांगला माणूस होता. तो म्हणाला, बाई, एवढ्या उन्हात नाल्यापर्यंत कुठं येता, गज मिळालाय, इथंच करून टाकू. त्याने चहा मागवला. वॉचमन कोपऱ्यात जमिनीवर बसला होता. बाई आत आल्या तेव्हा तो उठला आणि त्याने हात जोडले. ‘त्याला वाटलं असंल, हाफिसातली शिकलेली बाई आली, ही वाचून बघंल,’ बाई म्हणाल्या. ‘मी नाय वाचलं. सही केली. उन्हातून वाचवलं म्हणून मीच जमादाराला थँक्यू म्हणून आले.’

तो वॉचमन त्या दिवसापासून हर्सूलच्या तुरुंगात होता. त्याचा जामीन होत नव्हता, कारण खून कुणी पाहिला नव्हता आणि त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याने ‘स्वखुशीने’ काढून दिलेला गज होता. खाली बाईंची सही होती. वर ठरलेलं वाक्य होतं की पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे.

आता पेच असा होता. साक्षीत ‘मजकूर बरोबर’ म्हटलं तर बाई सुखाने निवृत्त होणार. ‘मी तिथे गेलेच नव्हते’ म्हटलं तर त्या फितूर ठरणार, आणि सरकारी कर्मचारी पंच म्हणून फितूर झाला की त्याची विभागीय चौकशी लागते. चौकशी लागली की पेन्शन अडकते. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, नवरा अर्धांगवायूने अंथरुणावर. शिवाय खोट्या कागदावर सही केल्याचा गुन्हा आपल्याच तोंडाने कबूल करायचा. समन्स घेऊन आलेल्या हवालदाराने त्यांना सोपा उपाय सांगितला होता. बाई, सही तुमचीच ना असं विचारतील, व्हय म्हणायचं अन् घरी जायचं. बाबांनी हळूच विचारलं, तो माणूस निर्दोष आहे का? बाई म्हणाल्या, ‘मला काय माहीत, भाऊ? कादंबरीत शेवटी कळतं. मला एवढंच माहीत आहे की मी बघितलं नव्हतं.’

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. दुसरा पंच, तो शिपाई, आधीच्या तारखेला ‘मजकूर बरोबर’ म्हणून मोकळा झाला होता. बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, पर्स खांद्याला तशीच. सरकारी वकिलांनी कागद दाखवला, सही कुणाची विचारलं. माझी, म्हणाल्या. मजकूर बरोबर आहे का? बाईंनी चष्मा लावला आणि सगळ्या न्यायालयाला थांबवून दोन्ही पानं वाचून काढली. सात वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, ‘अक्षर चांगलं आहे. पण हे मी आज वाचते आहे. सही केली तेव्हा वाचलं नव्हतं. मी नाल्यावर गेले नव्हते. गज मी ठाण्यातल्या टेबलावर पाहिला.’

वकिलांचा चेहरा बदलला. साक्षीदार फितूर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि उलट प्रश्न सुरू केले. आरोपीच्या माणसांनी भेट घेतली का, काही आमिष दाखवलं का, कुठल्या संघटनेचा दबाव आहे का. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. बाई प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणाल्या. शेवटी न्यायाधीशांनी स्वतः विचारलं की आपण काय कबूल करतो आहोत आणि त्याचे परिणाम काय होऊ शकतात, हे त्यांना समजतं आहे का. बाई म्हणाल्या, ‘व्हय साहेब. माझी चूक लिहून घ्या. तीच सांगायला आले.’

काही महिन्यांनी वॉचमन सुटला. फक्त बाईंमुळे नाही, बाकीचा पुरावाही ठिसूळ होता. तो थेट फर्दापूरकडच्या आपल्या गावी निघून गेला. मी म्हटलं, आपण त्याला भेटायला जाऊ. बाईंनी साफ नकार दिला. माफी मागायला गेलं तर त्यालाच उठून आपल्याला पाणी द्यावं लागेल, एवढं त्याच्यावर आणखी कशाला, असं त्या म्हणाल्या.

पण निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्यांना दुसरं कुणी भेटलं. मेलेल्या मॅनेजरची बायको. साधी बाई, पदर डोक्यावर, सोबत मोठा मुलगा. तिने बाईंची वाट अडवली. किती घेतले म्हणून विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग तिचा आवाज बसला. ‘मग माझ्या माणसाला मारलं कुणी?’ बाई म्हणाल्या, मला माहीत नाही, ताई. ती म्हणाली, माहीत नव्हतं तर गप्प बसायचं होतं. तेव्हा बाईंनी तिचा हात धरला. ‘गप्पच बसले ना सात वर्षं. माझी सही होती म्हणून दुसऱ्या कुणाला कुणी शोधलंच नाय. तुमच्या माणसाचं पण मीच वाटोळं केलं.’ तिने हात सोडवून घेतला आणि ती मुलाबरोबर निघून गेली. मी बाईंना सावरायला पुढे झाले, तर त्यांनी मला नजरेनेच थांबवलं.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. माझ्या मते माझं सगळ्यात चांगलं पत्रक. वर मोठ्या अक्षरात ‘एका निर्भय साक्षीदाराला सलाम’. खाली व्यवस्थेवर आसूड. एक हजार प्रती छापायच्या होत्या, पहिली प्रत बाईंच्या हातात दिली. त्यांनी उभ्याने वाचली, मग काउंटरवरची पेन्सिल घेतली आणि विचारलं, ‘यात माझी खोटी सही कुठाय?’

मी समजावू लागले. म्हटलं, पत्रकात एकच मुद्दा ठळक पाहिजे. तुमची चूक लिहिली तर लोक गोंधळतील, विरोधक तेवढंच उचलतील, तुमची चौकशी लागणारच आहे, तिथे ते वापरतील. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘म्हणजे तू पण त्या जमादारासारखीच झाली. लोकांना ऊन लागू नये म्हणून टेबलावरच लिहून मोकळी.’

मला राग आला होता, आणि राग आला की मी बाबांच्या चळवळीचा आधार घेते. म्हटलं, आमच्या घराला तुम्ही हे सांगू नका. आम्ही असल्या कागदांवर कधीच सही केलेली नाही. बाजारात पोलीस पंच शोधत आले की बाबा शटर ओढून घेतात. ते तत्त्व आहे आमचं. बाबा मशीनमागे होते, त्यांनी मान खाली घातली. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणून तर ते आमच्या हाफिसात येतात. ज्याला वाचायची सवय आहे तो शटर ओढतो, अन् ज्याला ऊन लागतं तो सही करतो.’

ते हजार कागद आम्ही छापले नाहीत.

बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. बाबांनी आणि मी दोन पानी खुलासा तयार केला होता, वकिलाकडून तपासून. बाईंनी तो ठेवून घेतला आणि स्वतःचा चार ओळींचा पाठवला. साक्ष खरी आहे. पंचनामा खोटा होता. त्याबद्दल होईल ती शिक्षा मान्य आहे. आपल्या कार्यालयातून आजवर पंच म्हणून गेलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यास तो जागेवर गेला होता काय, अशी विचारणा करावी. या चौथ्या ओळीने कार्यालयात आग लागली. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला त्या बायका दुसऱ्या टेबलावर बसू लागल्या. निवृत्तीच्या दिवशी शाल नाही, नारळ नाही, भाषण नाही. साडेपाचला बाई ड्रॉवर रिकामा करून चालत आमच्या दुकानात आल्या आणि रॅकवर नवं काय आलं ते बघू लागल्या. बाबांनी समोसे मागवले. बाईंनी दोन खाल्ले आणि एका नव्या कादंबरीच्या नायकाला तासभर फाडून काढलं.

चौकशी अजून संपलेली नाही, पूर्ण पेन्शन अडकलेलीच आहे. शहरातलं भाडं परवडेना, म्हणून बाई नवऱ्याला घेऊन जालन्याला बहिणीकडे गेल्या. फोनवर बोलतो आम्ही. तिथल्या वाचनालयात रहस्यकथांचं कपाट कुलपात असतं, त्यावरून ग्रंथपालाशी त्यांचं भांडण चालू आहे. तुम्हाला पश्चात्ताप होतो का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, साक्षीचा नाय, ठाण्यातल्या त्या चहाचा होतो.

या उन्हाळ्यात आमच्या बाजारात हवालदार आला. चोरीच्या मोटारसायकली जप्त करायच्या होत्या, दोन पंच हवे होते. चार दुकानांची शटरं खाली आली. बाबांचा हात आमच्या शटरकडे गेला आणि थांबला. मी ओढणी डोक्याला बांधली आणि निघाले. वसाहतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, तीन तास उभी राहिले. शेवटी कागद पुढे आला. मी वाचला. गाड्या तीन होत्या, कागदावर चार लिहिल्या होत्या. मी तसं सांगितलं. हवालदार म्हणाला, चौथी उद्या येणारच आहे, मॅडम, एकच गुन्हा आहे. मी म्हटलं, मग तिच्यावर उद्या सही करते. त्याने घड्याळ बघितलं, शिव्या पुटपुटल्या आणि एक गाडी खोडली. संध्याकाळी बाईंना फोन केला. त्यांनी शाबासकी दिली नाही. ‘खोडलं तिथं बाजूला त्याची सही घेतली का?’ एवढंच विचारलं. मी घेतली होती. ‘बरं,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइलवर चित्रण करतात, पंचांची काय गरज? बाईंना मी हेही विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, चित्रण कुठून सुरू करायचं ते मोबाइल धरणाऱ्याच्या हातात असतं. तुम्ही म्हणाल, पुढे सात वर्षांनी समन्स येईल, कोर्टाच्या खेपा होतील, पोलीस डूख धरतील. हो, होईल. मी हे माझ्या पत्रकांच्या वाचकांसाठी लिहीत नाही, त्यांना सलाम आणि धिक्कार याशिवाय काही नको असतं. मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमचं दुकान आहे, क्लास आहे, दवाखाना आहे, तुम्हाला वाचता येतं आणि भीती वाटते.

उद्या तुमच्या गल्लीत कुणी पंच शोधत आलं तर शटर ओढू नका. डोक्याला काहीतरी बांधा, पाण्याची बाटली घ्या आणि त्यांच्याबरोबर जागेवर जा. टेबलावरचा कागद टेबलावरच राहू द्या. जे दिसेल तेवढंच लिहायला लावा, प्रत्येक ओळ वाचा, आणि जे पाहिलं नाही ते खोडून घेतल्याशिवाय सही करू नका.